तलावातलं सीझियम

चार दिवस झाले तरी किरणोत्सार मोजणारा सर्व्हे मीटर गप्पच होता. घरांमागे, गोठ्यांत, धानाच्या तणसाच्या ढिगांभोवती सगळीकडे फिरवला. टिकटिक काही वाढेना.

मी एका खाजगी कोल वॉशरीत, म्हणजे कोळसा धुवायच्या कारखान्यात, इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर. शिवाय आरएसओ, म्हणजे तिथल्या किरणोत्सारी वस्तूंची जबाबदारी माझ्या मानेवर. आमच्या कोळशाच्या बंकरवर एक लेव्हल गेज होता. पोलादी डबा, आत शिसं, शिशाच्या पोटात सीझियमची शेंगदाण्याएवढी कुपी. एका बाजूने किरण सोडायचे, पलीकडे मोजायचे. मध्ये कोळसा आला की किरण अडतात, त्यावरून बंकर किती भरला ते कळतं. बंकर दुरुस्तीला निघाला तेव्हा गेज उतरवून स्टोअरमध्ये ठेवला, आणि स्टोअरवाल्यांनी तो भंगारात काढला. डब्यावर धोक्याची पाटी होती, पण इंग्रजीत. आणि मी शहाणी, रजिस्टरातली नोंद पाहून सही करत राहिले. डबा डोळ्यांनी पाहिलाच नाही.

भंगारवाला म्हणाला, सिंदेवाहीकडच्या एका गावातल्या ढिवराने तो शिशासाठी नेला. नाव त्याला ठाऊक नव्हतं. मासेमारी करणारे ढिवर जाळ्याला शिशाच्या गोळ्या लावतात आणि त्या घरीच ओततात. म्हणजे हा माणूस डबा कापणार, शिसं वितळवणार. कुपी हातात आली तर हात जातील. कुपी फुटली तर सीझियम पाण्यात विरघळेल, गाळात बसेल, मासळीत आणि धानात चढेल. तीस वर्षांनीसुद्धा ते निम्मंच कमी होतं. 

पहिल्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी पोलीस सोबत दिले.

"मेश्राम मॅडम, गावात रेडिएशन हा शब्द काढायचा नाही. कंपनीची वस्तू चोरीला गेली, एवढंच सांगा."

मीही मान डोलावली. हवालदाराने चौकात उभं राहून दम दिला, "कोणी चोरलं, मुकाट्यानं सांगा." गाव मुकाट्यानं घरात निघून गेलं.

पाचव्या दिवशी, शनिवारी, मी एकटीच गेले. गावाचा मामा तलाव मोठा आहे. मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातल्या तलावांना आमच्याकडे मामा तलाव म्हणतात. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, शकुनबाई नावाच्या ढिवरीण बाई फाटलं जाळं सांधत होत्या. मी शेजारी बसले आणि साहेबांनी नको म्हटलेलं सगळं सांगून टाकलं. त्या खाली मान घालून ऐकत होत्या.

"मॅडम, नुसतं हातात धरलं तं काई होते काय?"

"डबा बंद असला तर नाही. कापला तर होतं."

"अन पाण्यात असला तं?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुरुषभर पाणी किरणांना अडवतं. काठावरून मीटर काय बोलणार?

"बाई, तो डबा कोण हातात धरतं?"

"आमचा माणूस, रोज. डोंगा वाहून जाऊ नाई म्हणून डबा नांगरासारखा दोरीले बांधला हाय. सोमवारी बाजारातला वेल्डर कापून देतो म्हणे." त्यांचे डोळे भरून आले. "पोलीस त्याईले नेतीन म्हणून बोललो नाई, मॅडम. त्याईनं तं इकत घेतला होता."

त्यांचे यजमान रामाजीभाऊ मला डोंग्यातून, त्यांच्या लहान होडीतून, घेऊन गेले. मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी हळूहळू दोरी ओढली. डबा वर आला तसा मीटर बोलू लागला, पण मामुलीच. किरण सोडायचं शटर बंद होतं, कुलूप गंजलेलं पण जागच्या जागी. डब्यावर कापूस फिरवून तो मीटरपुढे धरला. कापसावर काही नव्हतं, म्हणजे कुपीतून गळती नव्हती.

रामाजीभाऊ आपले तळहात उलटसुलट करून पाहत होते.

"मॅडम, खरं सांगजा. माये हात?"

"हात चांगले आहेत, भाऊ. तरी डॉक्टरांना दाखवू."

दाखवले. काही निघालं नाही. त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

डबा सापडला त्याच दिवशी तो सुरक्षित ठेवून साहेबांना फोन केला होता, तर ते म्हणाले, "सापडला ना? आता त्या माणसावर तक्रार टाकून देऊ."

"टाका साहेब. साक्षीला मी येते. स्टोअरमधून कोणी काढला ते सांगते, आणि न बघता सह्या कोणी केल्या तेही."

तक्रार झाली नाही. पण बातमी पसरली आणि बाजारात त्या तलावाची मासळी कोणी घेईना. पाण्याचा, गाळाचा, मासळीचा लॅब रिपोर्ट चांगला आला. तो सोप्या मराठीत लिहून मी दोन आठवडी बाजार शकुनबाईंच्या टोपलीपाशी बसले. स्वतः मासळी घेतली, घरी नेली, खाल्ली. गिऱ्हाईक हळूहळू परतलं.

सरकारला पाठवायच्या शेवटच्या रिपोर्टात एक रकाना होता: वस्तू सापडायला उशीर का झाला? साहेबांनी सुचवलं, "खोल पाणी, असं लिहा."

मी लिहिलं, "चार दिवस आम्ही चोर शोधत होतो. पाचव्या दिवशी गावाला खरं सांगितलं, तेव्हा अर्ध्या तासात वस्तू सापडली."