घरी वापरायला

गोदामातून बाहेर पडताना आबा सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवायचे. कुणी सांगितलेलं नसायचं. "बगून घ्या," म्हणायचे आणि मगच कुलूप लावायचे.

तळेगावजवळच्या आमच्या बाँडेड गोदामात परदेशी माल कस्टमची ड्युटी भरेपर्यंत अडकून राहतो. कागद मी बघायचो, किल्ल्या आबांकडे. हुकमाशिवाय खिळासुद्धा बाहेर जायचा नाही. एकदा मोठे साहेब स्वतःचीच छत्री आत विसरले, तर आबा त्यांना म्हणाले, "आत गेली न्हवं? मंग कागद आना." आता बोला.

माल सुटताना कागदावर 'होम कन्झम्प्शन' असं लिहितात. म्हणजे देशात वापरण्यासाठी. आबांना कुणीतरी सांगून ठेवलेलं, घरी वापरायला. अगडबंब यंत्रं ट्रकवर चढली की ते काळजीत पडायचे, "कुनाच्या घरात मावनार ह्ये?" आम्ही कधी त्यांची चूक सुधारली नाही. तेवढीच गंमत.

मग कानाच्या मशीनची खोकी आली. मागवणाऱ्याने ती सोडवलीच नाहीत आणि शेवटी माल नष्ट करायचं ठरलं. आबा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. कुरवंड्याला त्यांच्या घरी सहा वर्षांची नात होती, तिला ऐकू येत नव्हतं. मशीन लावलं तर येईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

"एक मशीन द्या म्हनावं. होम कन्झम्प्शन ल्ह्या की. घरातच वापरनार हाय."

मला हसू आलं. तरी अर्ज लिहिला, त्यांची सही घेतली. पण साहेब मलाच वेड्यात काढतील म्हणून तो ड्रॉवरमध्ये टाकून दिला. आबा रोज विचारायचे. "वर गेलाय," मी सांगायचो. लाज वाटायची, पण सांगायचो.

मशीनं फोडायच्या दिवशी मी त्यांना हळूच म्हणालो, "आबा, एक उचला. कोण बघतंय."

"अर्ज केलाय न्हवं? मंग चोरी कशापायी करू?"

सगळी मशीनं त्यांनी स्वतःच्या हाताने रोलरखाली मांडली. एकही कमी नव्हतं.

पुढच्याच महिन्यात ते झोपेत गेले. दहाव्याला मी कुरवंड्याला गेलो. नात आजीला टेकून बसली होती. आबांच्या बायकोला मी मावशी म्हणायचो, त्यांनी मला ओळखलं.

"शेवटपत्तुर म्हनत हुते, अर्जाचं उत्तर यील. आलं का?"

मला राहवलं नाही. "मावशी, तो अर्ज मी पाठवलाच नव्हता."

 मावशी नातीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "बरं झालं, हिला ऐकू येत न्हाई."