दुखतंय, हे लिहायला शिकवणाऱ्या प्रमिलाताई

प्रमिलाताई साळवे यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मला एक शब्दही बोलायची परवानगी नव्हती. वैजापूरच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारण्यात माझी वीस वर्षं गेली. आवाज बसत गेला, स्वरयंत्रावर गाठ निघाली आणि छत्रपती संभाजीनगरच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ताई तिथं वरिष्ठ परिचारिका होत्या.

दुसऱ्या दिवशी मी पत्नीकडं दबक्या आवाजात पाणी मागितलं. ताई लगबगीनं आल्या.

"दादा, कुजबुजू नका. त्यानंही ताण येतो," म्हणत त्यांनी पाटी हातात दिली.

दुखतंय का, असं त्यांनी विचारलं. मी लिहिलं, 'नाही.' त्यांनी मला घोटभर पाणी प्यायला लावलं आणि त्या माझ्या चेहऱ्याकडं पाहत राहिल्या.

"गिळताना डोळे भरले की. दुखतंय तर तसं लिहा. सोसल्यानं लवकर बरं होत नाय."

डॉक्टरांना विचारून त्यांनी औषध दिलं, निववलेली पेज चमच्यानं भरवली. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्यायचा, हेही शिकवलं.

मी लिहिलं, 'आवाज येईल?'

"येईल. पण पहिल्यासारखाच येईल, असं खोटं मी सांगणार नाही."

घरी गेल्यावर एकदा नात पायरीवरून घसरताना दिसली आणि मी ओरडलो. नात सावरली, पण माझा घसा चिरल्यागत झाला. घाबरून आम्ही शहरात आलो. डॉक्टरांनी तपासलं, मोठी इजा नव्हती, मौन मात्र आठवडाभर वाढलं. मी रडवेला झालो होतो. ताई आम्हाला मुकुंदवाडीला आपल्या घरी घेऊन गेल्या.

"लई सांगितलं, ऐकतच नाहीत," पत्नी म्हणाली.

"वहिनी, लेकरू पडताना कोण गप्प राहील?"

एवढं बोलून ताईही गप्प झाल्या. दुपारभर आम्ही तिघांनी मेथी निवडली, सारं खुणांनी. गप्प राहणं त्या दिवशी मला पहिल्यांदा शिक्षेसारखं वाटलं नाही.

आवाज आला, थोडा जाडसर. आता मी माईकवर लिलाव पुकारतो. निवृत्तीनंतरही ताई दर आठवड्याला वॉर्डात जातात आणि एखादा रुग्ण फार धास्तावला असेल, तर मला बोलावून घेतात. "तुम्ही नुसतं बोलत बसा. त्यांना ऐकू द्या," एवढंच सांगतात.

ताई आज पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांचे गुडघे कुरकुरणार नाहीत, अशी पुष्कळ वर्षं त्यांना लाभोत. आणि आम्हा सगळ्यांची काळजी बाजूला ठेवून त्यांनी रोज दुपारी तासभर तरी निवांत झोपावं, एवढीच मनापासून इच्छा.