बसण्याचा अभ्यास

"कोण म्हणतंय?"

मामांना काहीही सांगा, पहिला प्रश्न हाच. बैठक पुढे ढकलली. कोण म्हणतंय? कॅन्टीनमधला चहा संपला. कोण म्हणतंय? एकदा मी सहज म्हटलं, "मामा, उद्या सुट्टी आहे म्हणे." त्यांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "कोण म्हणतंय, मॅडम? आणि कुणाला?" मी म्हटलं, मीच म्हणतेय आणि तुम्हालाच. "मग नसेल सुट्टी," असं म्हणून त्यांनी चष्मा परत खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी खरंच सुट्टी नव्हती.

यात त्यांचा दोष नव्हता. कर्वेनगरातल्या आमच्या कॉलेजात ते माध्यम अभ्यास विभागाचे शिपाई. प्रोजेक्टर लावायचा, पडदा खाली ओढायचा, दिवे मालवायचे, आणि मग मागच्या बाकाशेजारी उभं राहायचं, कारण तो प्रोजेक्टर तासाला एकदा तरी रुसायचा आणि मामांशिवाय कुणाला दाद द्यायचा नाही. अशी वीस वर्षं गेली. तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी उभ्या उभ्या सहा-सात वेळा ऐकला, आणि त्याचा पहिला धडाच 'कोण म्हणतंय, काय म्हणतंय आणि कुणाला' हा. शिकवणाऱ्यांपैकी काहींनीही तो इतकं लक्ष देऊन ऐकला नसेल. मी भूगोल शिकवते, मला माध्यमांतलं ओ की ठो कळत नाही. आमचे विभाग एकाच मजल्यावर, तेवढीच ओळख.

तुमच्याही कॉलेजात असे एक मामा असतील. आठवून बघा. परीक्षा जवळ आली की मुलं ग्रंथालयात कमी आणि यांच्या स्टुलाभोवती जास्त. आमचे मामा कपाट पुसता पुसता सांगायचे, "जाहिरातीचं प्रकरण नीट वाचा. दोन वर्षं आलेलं नाही, यंदा सोडणार नाहीत." आणि ते यायचं.

त्यांचं खरं वैभव मात्र टोल. आमच्या कॉलेजची विजेची घंटा कधीचीच बंद आहे. तिच्या दुरुस्तीचा अर्ज कुठल्याशा टेबलावर सुखाने नांदतो आहे. म्हणून मजल्याच्या टोकाला एक पितळी थाळी टांगलेली आणि खाली लाकडी हातोडी. तास संपला की मामा टोल देत. सेकंदाचाही फरक नाही. मामांचे वडील खडकीला कारखान्यात होते. "आमचं घर भोंग्यावर उठायचं, मॅडम, आणि भोंग्यावर जेवायचं. भूक लागली असं कुणी म्हणायचंच नाही, भोंगा झाला असं म्हणायचं." ते घड्याळाकडे फारसं बघत नसत. वेळ झाली की हातातलं काम ठेवून उठत.

हे उठणंच पुढे त्यांना नडलं.

नवीन इमारतीत आमच्याकडे छोटा स्टुडिओ झाला आणि तिथे एका सहायकाची जागा निघाली. तिथल्या यंत्रांची खोकी मामांनीच उघडली होती, वायरी त्यांनीच जोडल्या होत्या. पण जागेला पदवी हवी. मामांनी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून बीएला नाव घातलेलंच होतं. बाहेरच्या केंद्रावर, विजेच्या घंटेवर, एकेक करत सगळे पेपर सुटले होते आणि शेवटी एकच राहिला होता, तोही नेमका माध्यम अभ्यासाचा. प्राचार्य भले गृहस्थ. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत मी बाहेर जाहिरात देत नाही. त्याच्यापुढे माझ्या हातात नाही."

उन्हाळ्यातल्या त्या पेपराला केंद्र पहिल्यांदाच आमचं कॉलेज होतं आणि पर्यवेक्षक म्हणून मी होते. मामांनी रजा टाकली होती. इस्त्रीचा शर्ट, दोन पेनं, पाण्याची बाटली. तिसऱ्या बाकावर बसून त्यांनी प्रश्नपत्रिका वाचली आणि ते लिहीत सुटले. मी मनात म्हटलं, हा माणूस आज वर्गात पहिला येणार.

पहिला तास पुरा झाला. टोलाची जबाबदारी त्या दिवशी दुसऱ्या शिपायाकडे होती. पण मामांनी पेन ठेवलं, ते बाकावरून उठले आणि शांतपणे चालत माझ्यासमोरून दाराबाहेर गेले. मला वाटलं, बरं वाटत नसेल. तेवढ्यात बाहेर टोल पडला, मामांच्याच हातचा. मामा तसेच शांतपणे परत आले आणि उंबऱ्यावर पाय ठेवताना थबकले. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांच्या मागे मुख्य पर्यवेक्षक उभे होते.

परवानगीशिवाय बाहेर गेलेल्या परीक्षार्थीला पुन्हा प्रवेश नाही, असा नियम आहे. मुख्य पर्यवेक्षकांनी मला विचारलं, "मॅडम, आपण परवानगी दिली होती का?" मी हो म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं. मी नाही म्हटलं. खरं तेच होतं. मग मीच त्यांची उत्तरपत्रिका उचलली आणि अहवालावर सही केली. मी काहीतरी पुटपुटले, तेव्हा मामा म्हणाले, "नियमांचा तो कागद दरवर्षी दारावर मीच चिकटवतो, मॅडम." आणि बाटली घेऊन निघून गेले.

त्या दिवसापासून मला माझाच राग येत होता. नियम पाळल्याचं समाधान म्हणतात ते मला तरी कुठे सापडलं नाही.

पुढची परीक्षा दिवाळीपर्यंत निकाल लागेल इतकी आधी होती. जून उजाडला तशी मी एकदा धीर करून विचारलं, "मामा, उजळणी कुठवर आली?"

"उजळणीचं काही नाही, मॅडम. सगळं पाठ आहे. बसायचं कसं, तेवढं येत नाही."

मला आधी हसू आलं आणि मग हसू गेलं. खरंच, वीस वर्षांत आमच्या मजल्यावर या माणसाला कुणी तासभर सलग बसू दिलं नव्हतं. मी म्हटलं, "मग तेच शिकू. मला वह्या तपासायच्याच असतात. रोज चारनंतर या."

तर अशी आमची शिकवणी सुरू झाली. रिकामा वर्ग, तिसरा बाक, समोर जुनी प्रश्नपत्रिका. मी टेबलाशी वह्या घेऊन. दर तासाला दुसरा शिपाई बाहेर टोल द्यायचा. पहिल्या दिवशी मामा दारापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी अर्धे उठले. आठवड्याने नुसते गुडघे हलायचे. टोल पडायच्या आधीच हलायचे, हे विशेष. "त्यांनाच कळतं, मॅडम," मामा गुडघ्यांकडे बघत म्हणायचे, "मला विचारत नाहीत."

मुलांच्या कानावर गेल्यावर त्यांना ऊत आला. दारात येऊन एकेक जण हाक मारायचा. "मामा, पंखा चालत नाहीये." "मामा, प्रोजेक्टर हँग झालाय, प्लीज या ना." प्रोजेक्टरचं नाव निघालं की मामा घायाळ होत, पण हळूहळू तेही सोसायला शिकले. मान वर न करता फक्त म्हणायचे, "कोण म्हणतंय?" आणि पुढचं वाक्य लिहायचे.

एक दिवस दारातून हाक आली, "मामा, जरा ऑफिसात या." मामा लिहीत राहिले. "कोण म्हणतंय?" मग अंमळ खाकरून आवाज आला, "प्राचार्य म्हणतायत." मी उठून उभी राहिले. मामा काही उठले नाहीत. "काल पण प्राचार्य होते," ते म्हणाले. प्राचार्य आल्या पावली परत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून विचारलं की हा काय प्रकार आहे. मी सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "रोज येऊन हाक मारू का? माझा आवाज जरा जड जाईल त्यांना." आणि खरंच दोन-तीनदा आले.

मधल्या वेळात मामा मला शिकवायचे. ते म्हणायचे, ऐकणारं कुणी असलं की आपलं आपल्याला पक्कं होतं. बातमी माणसांपर्यंत पोचते तेव्हा वाटेत कुणीतरी ठरवत असतं, कुठली आत सोडायची आणि कुठली अडवायची. हे त्यांनी मला पुस्तकातून सांगितलं नाही. म्हणाले, "आपल्या सूचनाफलकाची किल्ली कुणाकडे असते?"

"तुमच्याकडे."

"मग डोळ्यांसमोर काय लावायचं आणि कोपऱ्यात काय, ते कोण ठरवतं? वीस वर्षं मीच ठरवतोय. मला कुणी कधी विचारलं नाही."

मी फलक आठवून बघितला. एक गोष्ट लक्षात आली आणि विचारू नये ती मी विचारली. स्टुडिओतल्या त्या जागेची सूचना अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात लावली होती. वाचायची तर बसावं लागेल इतकी खाली. "ती तिथे का, मामा?"

मामांनी पेनाला टोपण घातलं. "सगळ्यांनी वाचली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, मामा, तुमचं काय झालं. रोज किती जणांना सांगू?"

मी वह्यांत तोंड घातलं. त्या दिवशी मी तपासलेल्या वह्यांत सगळ्यांनाच बरे गुण मिळाले असावेत.

परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षक म्हणून पुन्हा माझंच नाव लागलं. बदलून मागणार होते, पण मामाच म्हणाले, "नको. सवयीचं माणूस असलेलं बरं."

पहिला टोल पडला. मामा लिहीत होते. गुडघेसुद्धा गप्प. मी इतकी सुखावले की एका मुलीला दोनदा पुरवणी दिली. दुसरा तास भरत आला. मी घड्याळ बघत होते. वेळ झाली आणि टोल पडला नाही. दुसरा शिपाई कुठेतरी अडकला असावा. हॉलमधल्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही, फक्त मामांचं पेन थांबलं. त्यांनी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. मी जागची हलले नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बसा, पण परीक्षार्थीशी तसं बोलता येत नाही. अर्धं मिनिट गेलं. मग मामांनी कड सोडली आणि शाळेतल्या मुलासारखा एक हात वर केला.

"मॅडम, टोल पडलेला नाही. कुणाला तरी सांगा."

"सांगते," मी म्हटलं. "तुम्ही लिहा."

त्यांनी मान डोलावली आणि लिहायला लागले. मी दाराकडे जाताना डोळे पुसले, हे कबूल करायला मला काही वाटत नाही.

मामा पास झाले. वर्गात पहिले वगैरे नाही आले, चांगल्या दुसऱ्या वर्गात आले. आता ते नवीन इमारतीत असतात. स्टुडिओच्या काचेमागे कानांना हेडफोन लावून बसलेले असतात, आणि दिवसदिवस बसलेले असतात. आमच्या मजल्यावर टोल आता दोन मिनिटं इकडेतिकडे होतो, तास लांबतात, मुलं कुरकुरतात. मागच्या बाकाशेजारची जागा रिकामी असते. प्रोजेक्टरही नवीन आला, तो कुणाचंही ऐकतो. त्यांच्याशिवाय आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं आणि ते इथे नाहीत याचा आनंदही आम्ही मानतो. दोन्ही एकाच वेळी जमतं, माणसाला सवय होते.

मला मात्र मामा आठवतात ते त्या परीक्षेच्या शेवटच्या मिनिटातले. शेवटचा टोल पडला होता. पहिल्या दोन बाकांवरच्या मुलांनी उत्तरपत्रिका दिल्या होत्या. मी गोळा करत तिसऱ्या बाकापाशी आले, तरी मामा लिहीतच होते. मी हात पुढे केला. त्यांनी डाव्या हाताने उत्तरपत्रिका दाबून धरली.

"मॅडम, एकच वाक्य राहिलंय."

"वेळ संपली."

"अहो, अर्धं झालंय. फक्त पुरं करतो."

इतकी वर्षं टोल देऊन शेकडो मुलांची वेळ संपवणारा हा माणूस. मी उत्तरपत्रिका धरली आणि ओढली. ते सोडेनात. मी आणखी जोरात ओढली तेव्हा कुठे सुटली, आणि मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू या बाईचं तोंड जन्मात बघणार नाही. पेपर ओढून घेतल्यावर प्रत्येक विद्यार्थी माझ्याकडे असंच बघतो. मी त्यांची उत्तरपत्रिका इतरांच्या गठ्ठ्यात, मधेच कुठेतरी ठेवली आणि पुढच्या बाकाकडे गेले.