दोन चाब्यांचं कुलूप

चिचगडकडच्या आमच्या गावात बाजारचं कुलूप विकत आणणं म्हणजे धुरपताबाईंचा अपमान. बाई पासष्टीच्या झाल्या, पण भात्यासमोर बसल्या की हात थरथरत नाही, आणि जिभेचं तर विचारूच नका. कुलपांत नव्या युक्त्या काढायचा त्यांच्या घराला नादच. सासऱ्यांनी, मनिरामांनी, तलावाच्या गेटसाठी दोन चाब्यांचं कुलूप घडवलं होतं. एक चाबी तलावाजवळच्या शेतकऱ्यांकडे, दुसरी पार खालच्या बांध्यावाल्यांकडे, म्हणजे टोकाच्या धानशेतांच्या मालकांकडे. दोन्ही एकदम फिरल्या तरच ते उघडायचं. त्याआधी वरचे लोक मनाला येईल तेव्हा पाणी घ्यायचे आणि खालच्यांचा धान वाळायचा. खोटी चाबी घातली की कुलूप अडकून बसायचं, ती करामत मात्र धुरपताबाईंची.

गेल्या ऑक्टोबरात धान निसवायला आला, लोंब्या फुटायच्या झाल्या, आणि पावसानं तोंड फिरवलं. तलावात एकाच फेरीचं पाणी उरलं होतं, आणि पाळी खालच्यांची होती. पाणी समितीचा अध्यक्ष योगराज, त्याची शेती वर. खालच्यांची चाबी वच्छलाकडे असते, तिची नक्कल मागायला तो धुरपताबाईंकडे आला.

"काकी, तुमची बांधीबी वरच हाये. तुमचाबी धान वाचते."

ते खरं होतं. दोन एकर, वर्षाचा तांदूळ तेवढाच.

"वच्छलाले घेऊन ये. तिच्यासमोर बनवतो."

"तिले कायले?"

"चाबी तिची हाये. तुले काऊन पायजे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी योगराजनं कटरनं कुलूप कापलं, गोंदियाहून आणलेलं चकचकीत कुलूप लावलं आणि चाबी खिशात टाकली. संध्याकाळी पाणी सोडणार होता. आम्हाला भयंकर राग आला, पण आम्ही शूरवीर घरात बसूनच रागावलो. धुरपताबाई भरदुपारी तलावावर गेल्या. सायकलच्या चाकाची तार कुलपात घातली, दोनदा फिरवली, आणि चकचकीत कुलूप धावत आलेल्या योगराजच्या पायाशी फेकलं. शेजारगावासाठी घडवून ठेवलेलं दोन चाब्यांचं कुलूप गेटला अडकवलं. एक चाबी वच्छलाला दिली, दुसरी त्याच्यापुढे धरली. तोवर सारं गाव जमलं होतं.

"तुमच्या बांधीत थेंब नाही येनार, काकी," तो म्हणाला.

"मले मालूम हाये. माह्या धानासाठी माह्याच हातचं कुलूप खोटं करू का? घे चाबी!"

घेतली त्यानं. एवढ्या लोकांसमोर करतो काय! पाणी खाली गेलं.

धुरपताबाईंच्या दोन एकरांत नुसती तनस हाती आली, पेंढ्यात दाणाच नाही. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. कापणीनंतर वच्छला तांदळाचं पोतं घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

"कीव करून आनलं असशीन तर उचल," त्या म्हणाल्या. "कुलपाचे दाम असतीन तर ठेव."

वच्छलानं पोतं ओढत आत नेलं.