खर्जातले दादा

आमच्यापैकी कुणीही बेसूर वाजवलं की दादा मान वर करून पंख्याकडे बघायचे. वाजवणाऱ्याकडे कधीच नाही. जणू तो सूर पंख्यातूनच पडला होता आणि आता आणखी काय पडतंय याची त्यांना काळजी होती. हात मात्र बेस गिटारवर चालूच. त्यांना सगळ्यात जास्त वेळा पंख्याकडे बघायला लावण्याचा मान माझ्याकडे होता.

मी दातांचा डॉक्टर. पिंपळे सौदागरमध्ये एका मेडिकलच्या वर माझा दवाखाना आहे. चाळिशी आली तेव्हा माझ्या मित्रांपैकी कुणी महागडी सायकल घेतली, कुणी पहाटे पळायला लागलं. मी सॅक्सोफोन घेतला. घरात वाजवायला लगेचच बंदी आली, म्हणून दुपारी पेशंट नसले की दवाखान्याच्या मागच्या खोलीत वाजवायचो. खालच्या मेडिकलवाल्याने एकदा काळजीने विचारलं होतं, "डॉक्टर, भूल न देताच काढता का?"

दादा आले ते अक्कलदाढ घेऊन. पन्नाशी ओलांडलेले, केस एकजात काळेभोर रंगवलेले, चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्स इंजिनिअर. मी भूल दिली आणि ती चढेपर्यंत वेळ आहे म्हणून मागे जाऊन एक तुकडा वाजवून आलो. येऊन बघतो तर हे गृहस्थ खुर्चीत ताठ उठून बसलेले. अर्धं तोंड बधिर, आणि हातवारे करून मला काहीतरी सांगतायत. "खाय... खाय..." एवढंच कळत होतं. मला वाटलं, दुखतंय. मी आणखी एक इंजेक्शन दिलं.

दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन ते मुद्दाम परत आले.

"काल मी म्हणत होतो, खालचा सूर घ्या. तुम्ही फार वर चढलाय, तिथून तुम्हाला उतरता येत नाहीये."

"अहो, मला वाटलं तुम्हाला दुखतंय."

"दुखतच होतं. दाढ नाही, वरचा सूर."

अशी आमची ओळख झाली. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो अपमान करून जातो आणि तुम्ही त्याला चहाला थांबवता.

ते पिंपरीतल्या वस्तीत वाढले. वडील कंपनीत कामगार. वस्तीचा भीमगीतांचा ऑर्केस्ट्रा होता, त्यात दादांना गायचं होतं. आवाज बघून त्यांच्या हातात बेस गिटार दिली, कारण ती दुसऱ्या कुणालाच नको होती. हे ते स्वतःच सांगायचे. मग कॉलेजात कुणीतरी त्यांना परदेशी जॅझ फ्यूजनची कॅसेट दिली. ती ऐकून ते जेवले नाहीत. आई शेजारणीला म्हणाली, पोरावर कुणीतरी काहीतरी केलंय. आता जॅझ फ्यूजन म्हणजे काय हे तुम्ही मला विचारू नका. मी इतकी वर्षं ते वाजवतोय आणि माझी समजूत अशी आहे की ज्यात चूक कुठली आणि कल्पना कुठली हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही, ते जॅझ फ्यूजन. म्हणून तर मला ते जमेल असं वाटलं.

आमचा बँड चौघांचा. वाकडला आयटीत असलेला एक ड्रमर, शाळेत संगीत शिकवणाऱ्या एक बाई कीबोर्डवर, दादा आणि मी. ड्रमरच्या काकांचा कासारवाडीत स्टेशनजवळ एक रिकामा गाळा होता. रविवारी सकाळी तिथे जमायचो. मी बँडचा प्रमुख होतो. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण सॅक्सोफोनवाला पुढे उभा राहतो, त्यावरून माझा मी समज करून घेतला होता.

माझी एक रचनाही होती. मी तिला 'अंतराळ' असं नाव दिलं होतं. दादा तिला 'रूट कॅनॉल' म्हणायचे. का, असं विचारलं तर म्हणाले, "एका सीटिंगमध्ये संपत नाही." तिच्यात माझा लांबलचक सोलो होता. मी डोळे मिटून वाजवायचो, घाम पुसायचो आणि कौतुकाची वाट बघत वळायचो. दादा अगदी सभ्यपणे विचारायचे, "छान. कुणासाठी होतं?"

ते संत वगैरे नव्हते हो. केसांना रंग लावलेल्या दिवशी कुणी डोक्याला हात लावलेला त्यांना खपायचा नाही. पुण्यातल्या प्रत्येक बँडने आपल्याला बोलावलं होतं आणि आपणच नाही म्हणालो, असं ते सांगायचे, आणि दर वेळी बँडांची संख्या वाढायची. ड्रमरशी त्यांचं भांडण तर कायमचं. "भावा, हे कोडिंग नाही, बंद करून परत चालू केल्यावर नीट होत नाही," असं म्हणून ते त्याला तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायला लावायचे.

आमचा पहिला जाहीर कार्यक्रम माझ्याच सोसायटीत झाला, वर्धापनदिनाला. आम्ही दोन रचना वाजवल्या. मी डोळे उघडले तेव्हा सेक्रेटरी स्टेजजवळ उभे होते. त्यांनी अदबीने विचारलं, "डॉक्टरसाहेब, साउंड चेक झाला की सांगा, म्हणजे मी लोकांना बसायला सांगतो."

मला स्टेजखाली जावंसं वाटलं. दादा पुढे झाले. "झालाच, साहेब. बसवा." आणि त्यांनी बेसवर एक चाल धरली, जयंतीच्या मिरवणुकीत पाय आपोआप उचलतात तशी. ड्रमर धावत तिच्यात शिरला. बायका उठल्या, आजोबा उठले, सेक्रेटरीही हळूच उठले. दादांनी मला मानेने खूण केली. मी त्याच ठेक्यावर 'अंतराळ' वाजवलं, पूर्ण सोलोसकट, आणि सोसायटीने त्यावर नाच केला. पुढे कित्येक दिवस लिफ्टमध्ये लोक मला विचारत होते, ते बेसवाले काका परत कधी येणार.

दादा तंबाखू खायचे. कंपनीत लागलेली सवय. मी दातांचा डॉक्टर, त्यामुळे दर रविवारी भाषण द्यायचो. "डॉक्टर, तुमच्या सोलोपेक्षा कमी घातक आहे," असं म्हणून ते चिमूट लावायचे. एका रविवारी चहा पिताना त्यांनी तोंड वाकडं केलं. गरम लागलं म्हणाले. मी त्यांना गाळ्याच्या दारात उजेडाला नेलं आणि तोंड उघडायला लावलं. गालाच्या आत, खालच्या हिरडीशी एक पांढरट चट्टा होता आणि त्याच्या मधोमध जखम. बोट लावलं तर कडक.

मी काही विनोद केला नाही. त्यावरूनच त्यांना कळलं.

"सांगा," ते म्हणाले.

"उद्या माझ्याबरोबर यायचं. तुकडा तपासायला द्यायचाय."

"उद्या शिफ्ट आहे."

"नाही," मी म्हणालो. "उद्या शिफ्ट नाहीये."

ते आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

ऑपरेशनमध्ये खालचा अर्धा जबडा काढावा लागला. त्यानंतर त्यांचं बोलणं कुणालाच कळेना, फक्त त्यांच्या बायकोला, वहिनींना कळायचं. बरं वाटायला लागल्यावर ते रविवारी परत येऊ लागले, आणि दुभाषी म्हणून वहिनी सोबत. वहिनी आधी कधी गाळ्यावर आल्या नव्हत्या. गाळा बघून त्या म्हणाल्या, "यासाठी हे रविवारी मटण आणायला जात नव्हते?"

पहिल्याच दिवशी मी 'अंतराळ'चा सोलो संपवून वळलो. दादा बराच वेळ काहीतरी बोलले. हातही हलवले.

"छान होतं म्हणतायत," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, ते एवढं लांब बोलले."

"बाकीचं मी नाही सांगत."

दादा हसले. त्या अर्ध्या चेहऱ्याने हसताना त्यांना त्रास व्हायचा, गालावर हात धरायला लागायचा. तरी त्या दिवशी ते थांबेनात, आणि वहिनी म्हणाल्या, "पुरे आता, टाके आहेत." मग त्याही हसायला लागल्या.

ते वाजवायचे मात्र पूर्वीसारखेच. किंबहुना जास्त. बोलता येत नाही म्हटल्यावर सगळं हातात उतरलं असावं. ड्रमरला शिव्यासुद्धा ते बेसवरून द्यायचे, आणि त्याला त्या बरोबर कळायच्या.

वर्षभरात दुखणं परत आलं. शेवटी शेवटी मी त्यांच्या घरी जायचो तेव्हा ते झोपून असायचे आणि पांघरुणावर बोटं चालायची. मी जवळ बसून माझ्या पेशंटच्या गोष्टी सांगायचो. त्यांना हसवणं एवढंच मला येत होतं, तेही पुरतं नाही. श्रावणात ते गेले. पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना झाल्यावर वहिनींनी मला चार शब्द बोलायला सांगितलं. माझ्या तोंडून दोनच निघाले, आणि तेही धड ऐकू आले नाहीत, असं ड्रमर सांगतो.

बरेच महिने आम्ही गाळा उघडला नाही. मग बाईंनी हट्ट धरला. त्या रविवारी आम्ही तिघांनीच 'अंतराळ' सुरू केलं. सोलोच्या मध्यावर सगळं कोसळलं. मी एकीकडे, ड्रम दुसरीकडे. पुन्हा घेतलं, पुन्हा त्याच जागी कोसळलं. मी ड्रमरवर चिडलो. तो काठ्या खाली ठेवून बाईंकडे बघत राहिला.

शेवटी बाईच बोलल्या. "डॉक्टर, तुम्ही तिथे तालातली एक मात्रा खाता."

"आज?"

"नेहमीच."

"मग इतकी वर्षं कसं जमलं?"

"तुम्ही खाल्लीत की दादाही खायचे. आम्ही दादांच्या मागून जायचो." त्या पुढे म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं होतं, डॉक्टरांना कळू देऊ नका. ते मोजायला लागले तर वाजवायचे थांबतील."

मी बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिलो. स्टेशनवरून लोणावळ्याची गाडी सुटत होती. ती जाईपर्यंत तोंड तिकडेच ठेवलं.

आता आमच्याकडे नवा बेसवाला आहे. हिंजवडीत नोकरी करतो, नीट शिकलेला आहे, वेळेवर येतो. मीही घरी मोजून मोजून वाजवून बघितलं, आणि एक दिवस ती मात्रा बरोबर जागेवर आली. गाळ्यावर आम्ही तसं वाजवलं. अगदी बिनचूक झालं. मग ड्रमर म्हणाला, "डॉक्टर, जुनंच करूया राव."

म्हणून नव्या माणसाला ते शिकावं लागलं. परवा त्याने मला विचारलंच, "सर, इथे एक मात्रा कमी आहे. चुकून राहिलीये का?"

"नाही," मी म्हणालो. "दादांनी तशी बसवलीये."