तळव्याचे कान

वीसेक वर्षं झाली. जिताडा मासा गळाला जिवंत कोळंबी लावली तरच लागतो, म्हणून अंजूरच्या खाडीत माझ्या होडीवर कोळंबी जगवायची टाकी बसवायला एक मिस्त्री आला होता. भिवंडीत कापडाच्या लूमवरची शिफ्ट उरकून थेट आलेला. डोळे तांबारलेले, भुवयांवर कापसाची भुकटी. पंप चालू केला की तो टाकीवर तळवा टेकवून डोळे मिटायचा.

“आवाज येतोय की,” मी म्हणालो. दोनदा सांगावं लागलं.

“माझ्या कानात लूमच चालू असतो, दादा. सुट्टीला पण. पंप हाताला कळतो.”

काम झालं. मी पंप बंद केला. त्याचा तळवा टाकीवरच होता, डोळेही मिटलेले. खांदा हलवून विचारलं, “काही राहिलं का?”

“न्हाय. बंद कसं असतं, तेवढं जरा बघतो.”