हावू सुटलंय
परवा अंगणात कुजक्या मासळीसारखा उग्र वास आला आणि मला बेळ्ळंदूरमधला माझा पहिला महिना आठवला. तळ्याकडच्या अंगणात मी कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात माळी कन्नडमध्ये ओरडला, "अक्का, हावू, हावू!" पुण्याहून नुकतीच आलेली मी, मला वाटलं, हवा सुटलीय म्हणतोय, म्हणून मी साड्यांना आणखी चिमटे लावले. मग बादलीमागे मान चपटी करून फुसफुसणारा साप दिसला. नाग समजून मी काठी उचलली, पण माळ्याने ती धरली. "स्वल्प रुको अक्का, नाग नहीं. डर गया, इसलिए बड़ा बनता है." ती बिनविषारी दिवड होती. त्याने तिला ओल्या गोणपाटात गुंडाळलं, तेव्हा तिने शेवटचा उपाय म्हणून हाच घाणेरडा वास सोडला, आणि तळ्याकाठच्या गवतात सुटताच ती दिसेनाशी झाली. परवा वासामागोमाग बादलीशी दिवड दिसली, तेव्हा पुण्याहून नव्यानेच आलेल्या शेजारणीला सावध करताना माझ्या तोंडून साप हा शब्द आलाच नाही, 'हावू' आला. ती दोरीला चिमटे लावत म्हणाली, "हो ना, छान सुटलीय."